मुठीतलं रक्त

आमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला आलेल्या पोलिसांच्या पत्रात प्रश्न नेहमीचेच होते : रक्त मानवी आहे काय, मयताच्या रक्ताशी जुळते काय? मुद्देमाल दोनच, एक ऊसतोडीचा कोयता आणि एक शर्ट. दोन्ही आरोपीने दाखवलेल्या विहिरीतून काढलेले, नऊ दिवस पाण्यात राहिलेले. तपास अधिकाऱ्यांचा फोन आधीच येऊन गेला होता. "मॅडम, कोयत्यावर काय उरलं असणार? शर्टाचं तेवढं बघा."

शर्टाचं पाकीट फोडलं आणि वासावरूनच काय ते कळलं. पंचनाम्यात लिहिलेला खाकी कागद होता, लाखेची मोहोरही शाबूत होती. पण कागदाच्या आत प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत ओलागच्च शर्ट. जप्ती एप्रिलमधली. आमच्याकडे पोचायला तेवीस दिवस लागले, आणि तेवढे दिवस तो पत्र्याच्या मुद्देमाल खोलीत शिजत होता. कापडावर काळीहिरवी बुरशी चढली होती. डाग कुठला आणि बुरशी कुठली, ते डोळ्यांना कळेना.

पाण्याने सगळं धुऊन जातं असं लोक समजतात. जातं, पण सरसकट नाही. तांबड्या पेशींत डीएनए नसतोच, तो मिळतो पांढऱ्या पेशींतून. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. आम्हाला एक नॅनोग्राम डीएनए पुरतो, म्हणजे दीडेकशे पेशींचं काम. सुती धाग्यात मुरून वाळलेल्या रक्तातल्या इतक्या पेशी साचलेल्या पाण्यातही तगू शकतात. खोल विहिरीत अंधार असतो, गारवा असतो. खरा घात करते ती ऊब आणि ओल एकत्र आली की. जिवाणू आणि बुरशी फोफावतात आणि त्यांची विकरं डीएनएचे बारीक तुकडे करतात.

आकडे तसेच आले. आमचं किट आधी डीएनएचे दोन लांबीचे तुकडे मोजतं, ८० जोड्यांचा आणि २१४ जोड्यांचा; डीएनएच्या शिडीची एक पायरी म्हणजे एक जोडी. शर्टात लहान तुकडा नावापुरता होता, मोठा शून्य. नमुना विरळ करून, पुन्हा शुद्ध करून पाहिलं. काही नाही. विहिरीपेक्षा पिशवीनेच जास्त नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे, पण ते कोर्टात सांगता येणार नाही. शर्ट वर आला त्या दिवशी त्यात किती डीएनए होता, हे कुणी मोजलेलंच नाही.

हवालदाराला तरी काय बोलणार? ओला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला, असं आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. पण ठाण्यात वाळवायला बंदिस्त जागा कुठे असते? ती मागितली की निधी नसतो. प्रशिक्षणाचे फोटो मात्र लगेच निघतात.

कोयत्याच्या पात्यावर नुसता गंज होता. पुसून घेतलेल्या कापसावर, रक्त असलं की गुलाबी होणारी रंगाची चाचणी कोरी आली. वरिष्ठ म्हणाले, "निगेटिव्ह लिहा आणि सोडा, शंभर केसेस पडल्यात." माझं लक्ष मुठीकडे होतं. पात्याचं शेपूट लाकडात ठोकलेलं असतं, वर लोखंडी कडं. रक्त वाहत जाऊन त्या फटीत शिरतं, तिथे वाळतं, आणि मग पाण्याने फुगलेलं लाकूडच ती फट बुजवतं. फोटो काढले, कडं कापलं, मूठ उभी फाडली. शेपटावर नखाएवढा तपकिरी पापुद्रा होता. चाचणीचं गुलाबी लगेच उमटलं. दोन दिवसांनी पूर्ण डीएनए प्रोफाइल, म्हणजे माणूस ओळखता येईल असा आकड्यांचा संच, हातात आला, एकही जागा रिकामी नाही. त्या दिवशी मी वरिष्ठांच्या टेबलासमोरून मुद्दाम दोनदा गेले.

मग तुलना केली. प्रोफाइल एकट्या आरोपीचा होता.

कोयता त्याचाच. ऊस तोडणाऱ्याचं बोट कापलं जाणं ही रोजची गोष्ट, आणि कापल्या हाताने तो कोयता सोडत नाही. ते रक्त त्या रात्रीचं असेल, तीन हंगामांपूर्वीचंही असेल. डाग केव्हाचा ते डीएनए सांगत नाही. पात्यावर ताजं काही असलंच, तर ते पाण्याने नेलं. फटीतलं मात्र राखलं. मयताचं काही सापडण्याची खरी आशा होती ती शर्टात.

अहवालात मी लिहिलं : शर्टावरून तुलनायोग्य प्रोफाइल मिळाला नाही. फोनवर अधिकाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे मयताचं रक्त नव्हतं?" मी म्हटलं, "नव्हतं असं नाही, मिळालं नाही." ते क्षणभर थांबले. "मॅडम, आरोपीचा वकील हे दोन्ही एकच करून वाचेल." मी पिशवीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "ते अहवालात लिहिलंय का?"

लिहिलं होतं, पण पहिल्या पानावर, 'पाकिटाची स्थिती' या रकान्यात. ते पान कुणी वाचत नाही. समन्स अजून आलेलं नाही.