डाव्या कुशीची रजा

दुपारी जेवून आडवं होण्याला आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. शास्त्र एवढंच, की डावीकडे वळून पडायचं. हे एकच शास्त्र मी आयुष्यभर निष्ठेने पाळलं, आधी रविवारी आणि निवृत्तीनंतर रोज. त्यामुळे डॉक्टर म्हणाले, "पेसमेकर डाव्या कॉलरबोनखाली बसवू," तेव्हा मला हृदयाची राहिली बाजूला, दुपारचीच काळजी लागली.

झालं असं, की बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदावरीच्या काठावर, मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होतो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भाजीवर शिंपडायचं पाणी मावशींनी माझ्या तोंडावर मारलं. नाडी मोजली तर 38. पुढचं चार दिवसांत उरकलं. भूल जागेपुरतीच होती, त्यात सांगण्यासारखं काही नाही. "डावीकडेच का?" असं मात्र मी टेबलावर पडल्या पडल्या विचारलं. "तुम्ही उजव्या हाताने लिहिता ना, तो मोकळा राहावा म्हणून." डाव्याने काय पाप केलंय, हे विचारायचं राहून गेलं.

यंत्र खिशातल्या घड्याळाएवढं, वजन 25-30 ग्रॅम. त्याच्या तारा शिरेतून हृदयात उतरलेल्या, आणि त्यांची टोकं तिथे रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, त्या कुशीवर किंवा पालथं झोपायचं नाही. राहिलं काय? उताणं, नाहीतर उजवीकडे.

उताणं झोपलो की मी घोरतो. पहिला आठवडा पाठीला दोन उशा, डाव्या हाताखाली एक, असा मखरात बसवल्यासारखा पडून होतो आणि ही हॉलमध्ये दिवाणावर झोपत होती. त्यात जानेवारी. निफाडच्या पाऱ्याची बातमी पेपरात पहिल्या पानावर यायला लागली, की नाशकात माणूस गोधडी डोक्यावरून ओढून घेतो. झोपेत माझा डावा हात तेच करायला वर जाणार, हे हिने ओळखलं. रोज रात्री स्वेटरची डावी बाही ती गोधडीच्या काठाला सेफ्टीपिनने टाचायची. सकाळी पिन काढून, "आता हलवा जरा, खांदा आखडेल," म्हणून खांद्याखालच्या खाली कवायत.

झोप येत नाही म्हणून रात्री वाचत पडायचो. माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर 1958 साली स्वीडनमध्ये बसवला, अर्ने लार्सन नावाच्या गृहस्थाला. इंजिनिअरने तो बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून ओतला होता. काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र एकूण 26 यंत्रं वापरून वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगला. त्याला ते पोटात बसवलं होतं, म्हणजे त्याची पंचाईत पालथं झोपायची. प्रत्येकाची अडचण वेगळी.

दुसऱ्या आठवड्यात उजवीकडे वळायला लागलो. छातीशी लोड धरायचा आणि डावा हात त्यावर टाकायचा, म्हणजे खांदा पुढे लोंबत नाही आणि टाक्यांवर ताण येत नाही. पण आमचा पलंग भिंतीला लावलेला. डाव्या कुशीवर भिंत, उजव्या कुशीवर सगळं घर. इतक्या वर्षांत दुपारी दोन ते चार या घरात काय चालतं हे मी पाहिलंच नव्हतं. माझी समजूत, की हीसुद्धा झोपते. ती झोपत नाही. खिडकीपाशी पेपर पसरून भाजी निवडत बसते, रेडिओ अगदी बारीक, माझी झोपमोड नको म्हणून. मेथीची पानं खुडताना तिसऱ्या-चौथ्या काडीला एकदा माझ्याकडे बघते. गोधडी वरखाली होतेय ना, एवढंच बघत असावी.

भेटायला येणारेही नेमके तेव्हाच यायचे. शेजारच्या काकांचा आवाज म्हणजे नारोशंकराची घंटा. "मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवू नका बरं!" सल्ला बरोबर होता, फोन यंत्रापासून वीतभर तरी लांबच हवा. पण तो निम्म्या सोसायटीला मिळाला.

सहा आठवड्यांनी तपासणी झाली. "आता कसंही झोपा," डॉक्टर म्हणाले. घरी आलो, वरणभात जेवलो आणि समारंभाने डाव्या कुशीवर वळलो. यंत्र जरासं टोचलं, शर्टाच्या खिशात किल्ली विसरावी तसं. समोर भिंत. रंगाला पोपडे आलेत. पाच मिनिटं पोपडे मोजले आणि परत उजवीकडे वळलो.

"काय हो, दुखतंय का?"

"नाही. किती राहिली मेथी?"

"एक जुडी आहे. हात धुऊन या."