तुम्ही विचारलंत म्हणून: पंगतीत सुई कशाला?

गणपतीत पंगत बसली की मी पानावर बसूनच इन्शुलिनचं पेन काढते, आकडा फिरवते, पदराआडून पोटाला टोचते. दरवर्षी कुणीतरी कुजबुजतंच, "अगो, भितर जावन टोच मां! लोक काय म्हणतले?" यंदा मुंबईहून आलेल्या वहिनींनीही विचारलं.

वहिनी, आत जायला माझी ना नाही. पण आमच्या मालवणात आरत्या सुरू झाल्या की कधी आटपतील ते देवालाच ठाऊक. माझं जेवणाआधीचं इन्शुलिन पंधराएक मिनिटांत कामाला लागतं, ते आरतीसाठी थांबत नाही. आत टोचून आले आणि बाहेर कुणी आणखी एक आरती काढली, की रक्तातली साखर 70 च्या खाली. दरदरून घाम, हात थरथरतात, जीभ अडखळते. तेव्हा तीन चमचे साखर तोंडात टाकायला जावं, तर लोक हात धरतात: "डायबेटिस ना तुका?" म्हणून पानात भात पडताना दिसला की मगच सुई.

आणि हो, हा डायबेटिस मोदक खाऊन झालेला नाही. माझा टाइप 1, शाळेत असल्यापासूनचा. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या, गोडाचा त्यात काही दोष नाही. टोरांटोत एका 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं ते जानेवारी 1922 मध्ये. त्याआधी अशी मुलं फार जगत नसत. माझं लग्न ठरवताना "सांगू नका" असा सल्ला आईला बऱ्याच जणांनी दिला. आईने पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. काही स्थळं गेली, बरं झालं गेली.

लपवालपवी टाइप 2 वाल्यांतही, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होतो त्या डायबेटिसवाल्यांतही, काही कमी नाही. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत शेजारच्या गोव्यात 26.4 टक्के प्रौढांना डायबेटिस निघाला, देशात सगळ्यात जास्त. आमच्या वाडीत विचाराल तर कुणालाच नाही!

गेल्या वर्षी पंगत उठल्यावर एक काका विहिरीपाशी हळूच म्हणाले, "उपाशीपोटी 140 इली. दोनदा. घरात सांगूक नाय." 126 च्या वर दोनदा म्हणजे डायबेटिसच, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं. काकी तिथेच भांडी घासत होती. म्हटलं, आत्ताच सांगा. काकांनी चाचरत सांगितलं. काकीने मान वर न करता म्हटलं, "माजी 160 आसा."