बीकर

आमच्या केअर होममधल्या एका आजींना पहिल्या नावाने हाक मारलेली चालत नाही. ‘लव्ह’, ‘डार्लिंग’ तर नाहीच. ‘मिसेस’ लावून आडनाव घ्यायचं, तेही त्या सांगतील त्या उच्चारात. म्हणून स्टाफने त्यांचं नाव ठेवलं हायसिंथ. त्यांच्या माघारी मीही तेच म्हणायचे.

हायसिंथ बकेट ही ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ या बीबीसीच्या मालिकेतली (१९९०-९५) बाई. आडनाव बकेट, पण फोनवर ती ठसक्यात ‘बुके’ सांगते. इंग्लंडमधल्या आम्हा कॉव्हेंट्रीकरांना ती गावातलीच वाटते. तिच्या घराचं बाहेरचं चित्रीकरण जवळच्या बिन्ली वुड्समधलं, आणि तिच्या बहिणीचा बनियनवर लोळणारा नवरा ऑनस्लो, त्याचं घर शहरातल्याच स्टोक आल्डरमूरमधलं. लाउंजमध्ये मालिका लागली की निम्मी मंडळी गोष्ट सोडून रस्तेच ओळखत बसतात.

आजींचे हात थरथरतात. केअर प्लॅनमध्ये बीकर लिहिलाय, म्हणजे दोन कानांचा, झाकणाला चोच असलेला प्लास्टिकचा पेला. त्यांच्यासाठी ठरलेलं प्रमाण दिवसाला १५०० मिली, आणि चार्टवर जेमतेम ४५० भरायचे. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात पाणी कमी गेलं की लघवीचा संसर्ग, त्यातून भ्रम, त्यातून पडणं, ही साखळी मी बऱ्याच जणांची पाहिली आहे. तरी फोनवरच्या नोंदीत प्रत्येक शिफ्ट एकच लिहायची, ‘नकार दिला’. या दोन शब्दांची मला चीड आहे. नकार कशाला दिला, ते कुणी लिहीत नाही.

त्या मंगळवारी मी त्यांच्या शेजारी बसले होते. पडद्यावर शेजारीण एलिझाबेथ कॉफीला आलेली. हायसिंथच्या रॉयल डोल्टनच्या महागड्या कपबशांच्या धास्तीने हिचे हात कापतात, कॉफी सांडते, कप फुटतात. म्हणून हायसिंथ अगदी गोड आवाजात, जणू तिच्याच भल्यासाठी, तिला बीकर देते. आजींनी आपल्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं आणि हसल्या. दीड वर्षात त्यांचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं, खांदे हलेपर्यंत.

“मी एलिझाबेथ,” त्या म्हणाल्या.

“मग हायसिंथ कोण?” मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. बीकर माझ्या हातात ठेवला.

हायसिंथचं काम करणारी पॅट्रिशिया राउटलेज तिला कुठेही खलनायिका करत नाही, तिची टरही उडवत नाही. तिची सगळी माया खरी आहे. समोरच्याच्या हाताला काय होतंय, एवढंच तिला दिसत नाही. आणि एलिझाबेथ बोलावलं की पुन्हा जाते. मी इतकी वर्षं त्या कपावरच हसत आले होते, त्या हाताकडे मी पाहिलंच नव्हतं.

मी सिस्टरशी भांडून परवानगी काढली. चहा कोमट हवा आणि मी शेजारी हवी, या अटीवर. रुंद बुडाचा चिनी मातीचा कप घेतला, अर्धाच भरला. बशीखाली न घसरणारी रबरी चटई. आजींचं कोपर खुर्चीच्या हाताला टेकवलं. कोपराला आधार मिळाला की मनगटाची थरथर कमी होते, हे आमच्याकडच्या फार थोड्या जणांना ठाऊक आहे. कप बशीवर किणकिणला, दोन थेंब सांडले. आजींनी रुमालाने ते स्वतः टिपले आणि कप पुढे केला. पुन्हा अर्धा. पुन्हा. त्या दिवशी चार्टवर ११५० मिली लिहिले, हात जरा कापत होता माझाही.

केअर प्लॅनमध्ये अजून बीकरच आहे. तो बदलायला रिव्ह्यू लागतो आणि रिव्ह्यू पुढच्या महिन्यात. माझी शिफ्ट आठवड्यातून चार दिवस. उरलेल्या तीन दिवसांच्या नोंदी मी आल्या आल्या उघडते. ‘नकार दिला.’ ‘नकार दिला.’