वाचनालयाच्या जुन्या उबुंटूवर सर्टिफिकेटची वॉर्निंग : माझा अनुभव

आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर तेव्हा उबुंटू 16.04 होतं, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सची एक सिस्टम. पोरं त्यावर परीक्षांचे फॉर्म भरतात, रिझल्ट बघतात, आणि पुस्तकांची आणि सभासदांची यादी पण त्यातच आहे. 2021 च्या दिवाळीची सुट्टी संपली आणि वाचनालयाच्या काकांचा फोन आला, "अरे, कुठलीही साइट उघड, धोका आहे म्हणतंय. व्हायरस शिरला का रे?"

मी आधी एकच विचारलं, काका, एकच साइट अडतेय का सगळ्या? म्हणाले सगळ्या. मग निम्मं काम तिथंच झालं, कारण एकच साइट अडत असेल तर गडबड बहुतेक त्या साइटवाल्यांकडे असते आणि सगळ्याच अडत असतील तर आपल्याच मशिनमध्ये. व्हायरसचा इथं काही संबंध नव्हता.

जाऊन बघितलं. त्या वॉर्निंगच्या पानावर ॲडव्हान्स्ड म्हणून बटण असतं ना, बरेच जण ते फक्त "तरीही पुढे जा" करायला दाबतात, पण खरा माल तिथंच असतो, एरर कोड. इथं शेवटी लिहिलं होतं नॉट येट व्हॅलिड सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा जो डिजिटल दाखला असतो, त्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. असं कधी होईल? आपल्या मशिनची तारीख मागे असेल तेव्हा. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, डेट टाइप केलं तर 2016 साल! गंमत म्हणजे बायॉसमध्ये, म्हणजे मशिनच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर, 2009 दिसत होतं. लिनक्समध्ये सिस्टमडी म्हणून मशिन सुरू करणारं जे असतं ते चालू होताना बघतं की घड्याळ माझ्या स्वतःच्या बिल्डच्या, म्हणजे मी बनलो त्या तारखेच्याही मागचं आहे, हे शक्यच नाही, आणि घड्याळ तिथपर्यंत पुढं ढकलतं, म्हणून 2016.

कारण साधं होतं. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, आणि काका रोज संध्याकाळी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद करून जातात, त्यामुळे घड्याळाला रात्रभर करंटच नाही. सीआर2032 नावाचा गोल सेल असतो, 3 व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो, तो बदलला. मग टाइमडेटसीटीएल (घड्याळाची सेटिंग दाखवणारी कमांड) चालवून बघितलं तर नेटवर्क टाइम, म्हणजे इंटरनेटवरून वेळ घेणं, "नो", कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेलं. ते चालू करायला ॲडमिनच्या हक्काने, म्हणजे सुडो लावून, टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू केलं, थोड्या वेळात तारीख बरोबर आली आणि फायरफॉक्समध्ये सगळं उघडायला लागलं. काका खूश, मी पण चहा पिऊन निघणार होतो.

पण जाता जाता बॅकअपचा लॉग उघडला, बरं झालं उघडला. सभासदांच्या यादीचा बॅकअप रोज संध्याकाळी बंद करायच्या आधी कर्लने (कमांडवरून फाइल पाठवणारा प्रोग्राम) बाहेरच्या एका सर्व्हरवर जातो. लॉगमध्ये 30 सप्टेंबरपर्यंत सगळं ओके, 1 ऑक्टोबरपासून "सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड", आणि दिवाळीनंतरच्या ओळींवर 2016 ची तारीख आणि "इज नॉट येट व्हॅलिड". म्हणजे सेलच्या आधीपासून एक दुसरंच दुखणं होतं, आणि ते घड्याळ दुरुस्त करून जाणार नव्हतं. हाताने कर्ल चालवलं, परत तेच, एक्स्पायर्ड. आणि तीच साइट फायरफॉक्समध्ये मस्त उघडतेय, कुलूप वगैरे दिसतंय!

1 ऑक्टोबर म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला. तो सर्व्हर लेट्स एन्क्रिप्ट ह्या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट वापरतो. सर्टिफिकेटचं काम दाखल्यासारखं असतं, दाखल्यावर सही, सही करणाऱ्याला वरच्याची मान्यता, असं करत करत शेवटी एक रूट, ज्याला आपलं मशिन स्वतःच ओळखतं. लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीत सगळ्यात वर डीएसटी रूट सीए एक्स3 नावाचं जुनं रूट होतं, आणि ते 30 सप्टेंबर 2021 ला, आपल्या वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला संपलं. त्यांचं स्वतःचं नवं रूट, आयएसआरजी रूट एक्स1, ह्या मशिनमध्ये होतं, तरी कर्ल अडत होतं. कारण ह्या मशिनवरचं कर्ल ही साखळी ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीकडून तपासून घेत होतं, उबुंटू 16.04 मध्ये ते 1.0.2 आहे, आणि ते सर्व्हरने पाठवलेली साखळी शेवटपर्यंत चढत जातं, वाटेत ओळखीचं नवं रूट भेटलं तरी थांबत नाही, वर जातं आणि संपलेल्या रूटवर डोकं आपटतं. 1.1.0 पासून पुढचं ओपनएसएसएल मधेच थांबतं. फायरफॉक्स सिस्टमचे रूट वापरतच नाही, त्याची स्वतःची वेगळी यादी आणि स्वतःचीच तपासणी असते, म्हणून तिथं काही कळलंच नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, ब्राउझर चालतोय म्हणजे मशिन चालतंय असं नाही.

खात्री करायला ओपनएसएसएल एस_क्लायंट ही कमांड चालवली, त्यात कनेक्टपुढे सर्व्हरचं नाव आणि 443 पोर्ट, आणि सर्व्हरनेम पण द्यायचं, ते दिलं नाही तर कधी कधी भलत्याच साइटचं सर्टिफिकेट समोर येतं. त्यात साखळी एकेका पायरीने दिसली, साइटचं, मग आर3 हे लेट्स एन्क्रिप्टचं मधलं सर्टिफिकेट, मग आयएसआरजी, आणि त्यावर सही डीएसटीची. खाली व्हेरिफाय रिटर्न कोड 10, म्हणजे मुदत संपलेली.

बघायला आलेला एक मुलगा म्हणाला, दादा, कर्लला सर्टिफिकेट न तपासणारा इन्सिक्युअर ऑप्शन लावा ना, लगेच चालेल. चालेल, खरंय. पण त्या फाइलमध्ये गावातल्या लोकांचे फोन नंबर, पत्ते आहेत, आणि सोबत सर्व्हरचा पासवर्ड जातो. तपासणीच बंद केली तर मधे कुणीही सर्व्हर म्हणून उभा राहिला तरी कर्ल त्याला मुकाट सगळं देऊन टाकेल. ते मी करणार नाही आणि कुणी करू पण नये.

16.04 चा फुकटचा सपोर्ट एप्रिल 2021 मध्येच संपलेला, त्यामुळे अपडेटने हे आपोआप सुटणार नव्हतं. मग ईटीसी फोल्डरमधली सीए-सर्टिफिकेट्स डॉट कॉन्फ ही रूटच्या यादीची फाइल सुडोने उघडली, डीएसटी रूट सीए एक्स3 ची ओळ शोधली आणि तिच्या सुरुवातीला फक्त एक उद्गारचिन्ह टाकलं, म्हणजे हे रूट आता मानू नकोस. सेव्ह करून सुडो अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स. उत्तर आलं, शून्य ॲडेड, एक रिमूव्हड, डन. जुनं रूट यादीतच नाही म्हटल्यावर ओपनएसएसएल नव्या रूटवर थांबायला लागलं, रिटर्न कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक, आणि बॅकअप एका झटक्यात गेला. ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या नव्या सभासदांची नावं पहिल्यांदाच बाहेर सुरक्षित पोचली, मला फार बरं वाटलं.

ही मलमपट्टी होती हे काकांना सांगून ठेवलं होतं, सपोर्ट संपलेल्या सिस्टमवर पोरांनी परीक्षेची फी भरणं बरोबर नाही. डिसेंबरात त्याच मशिनवर लुबुंटू (उबुंटूचा हलका प्रकार) 20.04 टाकलं, ओपनएसएसएल 1.1.1 आलं, उद्गारचिन्हाची गरज संपली. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये एक भर घातली, फाइल गेली नाही तर स्क्रीनवर मोठी खिडकी येते आणि काका मला फोन करतात.