ससे-गिनीपिग अधिवेशनाला नेताना

अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या अधिवेशनातल्या प्रदर्शन-स्पर्धेत सशाच्या डाव्या कानात गोंदलेला क्रमांक लागतो, गिनीपिगच्या डाव्या कानात बिल्ला. गोंदण वाचता येत नसेल तर ससा कितीही देखणा असो, बाद. म्हणून निघण्याआधी कान उजेडासमोर धरून क्रमांक वाचा. मग दात आणि नखं. एकरंगी गडद सशाला बाद करणारं एखादं पांढरं नख नजरेतून सहज निसटतं.

प्रवासात खरी भीती उकाड्याची. 30 अंशांपुढे ससे धापा टाकू लागतात. पाणी घरचंच न्या. परक्या चवीच्या पाण्याला बरेच ससे तोंड लावत नाहीत, आणि पाणी सुटलं की खाणंही सुटतं. वाळलं गवत सतत समोर हवं. गिनीपिगचा पिंजरा वेगळाच: सशांकडून आलेल्या बोर्डेटेला नावाच्या जिवाणूने त्यांना न्यूमोनिया होतो. आणि परीक्षणाच्या सकाळी अंघोळ? अजिबात नको.