न ऐकू येणारी हाक

माझा रोजचा व्यवसाय लोकांना दचकवण्याचा आहे. अंधेरीतील एका छोट्या स्टुडिओत मी भयपटांचे आणि वेबमालिकांचे साउंड डिझाइन करते. दार करकरणे, फरशीवर पाऊल पडणे आणि शेवटी आम्ही ज्याला ‘स्टिंगर’ म्हणतो तो कर्कश आघात, हा त्यातला मोठा भाग. आघातापूर्वी सेकंद-दीड सेकंद आजूबाजूचे सगळे आवाज खाली घ्यायचे असतात, म्हणजे पुढचा आवाज आहे त्याहून मोठा भासतो. ही युक्ती प्रेक्षकांनाही आता पाठ झाली आहे. रातकिडे थांबले की ते सावरून बसतात. एका फिल्म सोसायटीने १९२२ सालचा ‘नोस्फेरातू’ हा जर्मन मूकपट आमच्याकडे आणला आणि त्याला नवा साउंडट्रॅक करून मागितला, तो याच अनुभवाच्या भरवशावर. अट एकच होती: प्रेक्षकांत कॉलेजची मुले असतील, ती हसता कामा नयेत. पैसे एका दिवसाच्या स्टुडिओभाड्यापुरतेच होते.

हा चित्रपट आज पाहायला मिळतो हेच मुळात नवल आहे. फ्रिड्रिख विल्हेल्म मुर्नाऊ यांनी तो प्राना-फिल्म या नव्या कंपनीसाठी केला आणि ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील संगमरवरी सभागृहात त्याचा पहिला खेळ झाला. कथा ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ची, नावे मात्र बदललेली, आणि परवानगी घेतलेलीच नव्हती. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला, कंपनी लवकरच दिवाळखोरीत गेली, आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. तोपर्यंत काही प्रती परदेशी पोहोचल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचला. पण वाचला तो तुकड्यातुकड्यांनी, आणि त्यामुळे बाजारात त्याच्या बऱ्यावाईट असंख्य आवृत्त्या फिरत असतात.

सोसायटीने दिलेली फाइल त्यांतल्या वाईटांपैकी होती. मूकपटांचे कॅमेरे बहुधा हाताने फिरवले जात आणि सेकंदाला सोळा ते अठरा चौकटींच्या आसपास चित्रण होई. तीच फिल्म चोवीस चौकटींच्या वेगाने उतरवली की माणसे तुरुतुरु धावू लागतात. जीर्णोद्धार केलेली सुमारे ९४ मिनिटांची प्रत या हिशेबाने ७० मिनिटांतच संपेल. मुले हसतात ती बहुतेक वेळा या चुकीच्या वेगाला, आणि दोष मात्र जुन्या अभिनयाच्या माथी जातो. दुसरी खोट रंगाची. त्या काळी रात्रीची दृश्येही दिवसा चित्रित करून फिल्म निळ्या रंगात बुडवीत. आमच्या फाइलमध्ये तो रंग उडालेला होता, त्यामुळे काउंट ऑर्लोक आपली शवपेटी काखोटीला मारून भर दुपारी गावातून चाललेला दिसत होता. आणि हा तर असा पिशाच्च आहे की ज्याला सूर्यप्रकाश लागताच मरण येते. (स्टोकर यांच्या कादंबरीत तो दिवसाही हिंडू शकतो, उन्हाने मरणे ही या चित्रपटाची भर.) सकाळचा पहिला तास मी सोसायटीच्या चिटणीसांशी फोनवर वाद घालण्यात घालवला आणि रंग व वेग ठीक असलेली जीर्णोद्धारित प्रत मिळवली. साउंडट्रॅकचे निम्मे काम तिथेच झाले, असे माझे आजही मत आहे.

स्टुडिओत आम्ही तिघे होतो: मी, माझा साहाय्यक, आणि व्हायोलिन वाजवणारे एक ज्येष्ठ वादक, ज्यांना सगळा स्टुडिओ काका म्हणतो. मूकपट तेव्हाही मुक्याने दाखवले जात नसत. ‘नोस्फेरातू’साठी हान्स एर्डमान यांनी वाद्यवृंदाचे संगीत रचले होते, त्यातले बरेचसे पुढे हरवले. काकांनी ते ऐकायला ठाम नकार दिला. “दुसऱ्याचं ऐकलं की हात तिकडेच जातो गं,” म्हणाले, आणि पडद्याकडे पाहत वाजवू लागले.

पहिला अर्धा तास आम्हीही हसलो, हे सांगितले पाहिजे. नायक हुटर लहान मुलासारखा बागडतो. मजकुराच्या पाटीवर ‘नरवृक’, म्हणजे लांडगा होणारा माणूस, येतो आणि पडद्यावर दिसते ते आपल्याकडच्या कोणाही गुराख्याला ओळखू येईल असे पट्टेवाले तरस. ऑर्लोकची घोडागाडी खेळण्यातल्यासारखी झटक्याझटक्याने पळते. यातले काहीही झाकायचे नाही असे आम्ही ठरवले. या चित्रपटाची पकड या गोष्टींवर अवलंबूनच नाही.

ती कशावर अवलंबून आहे हे दुपारी कळू लागले. किल्ल्यात जेवताना हुटर पाव कापतो, मधेच घड्याळात मध्यरात्रीचे ठोके पडतात, आणि मुर्नाऊ ते घड्याळच दाखवतात: वर एक लहानसा सांगाडा, हातोडीने घंटा वाजवणारा. साहाय्यकाने चांगला पितळी टोल लावला. ऐकायला सुरेख, पण सांगाडा एकदम खेळणे झाला. टोल काढल्यावर तो पुन्हा भयाण झाला. पुढच्या प्रसंगात हुटर दार किंचित उघडून पाहतो तर दूर अंधारात ऑर्लोक नुसता उभा असतो. मग तो आणखी जवळ दिसतो. हुटर दार लावतो, त्याला कडी नसते, आणि ते आपोआप उघडते. आमच्या संग्रहात करकरणाऱ्या दारांचे शेकडो आवाज आहेत. आम्ही पाचसहा लावून पाहिले. प्रत्येक आवाजाबरोबर दाराला वजन आले, बिजागरी आली, तिला न मिळालेले तेल आले. दार खरे झाले आणि भीती गेली. ऑर्लोक झालेले नट माक्स श्रेक त्या कमानीत येऊन उभे राहतात तेव्हा दचकण्यासारखे काही घडतच नाही. ते येणार हे आपल्याला केव्हाच दिसलेले असते, आणि ते सावकाश येतात, इतकेच.

त्यानंतर हाकेचा प्रसंग आला आणि आमचे काम दोन तास अडले. ऑर्लोकची सावली अंथरुणावरच्या हुटरवर पडते. त्याच वेळी शेकडो मैल दूर विस्बोर्ग गावात त्याची बायको एलेन झोपेतून उठून बसते, हात पसरते आणि त्याला हाक मारते. आणि इकडे किल्ल्यात मान वळते ती ऑर्लोकची. तो थांबतो, मागे पाहतो आणि निघून जातो. दोघे एका चौकटीत एकदाही नाहीत, तरी तिचे हात आणि त्याची नजर समोरासमोर आल्यासारखी वाटते.

या हाकेला आवाज द्यायचा तर कोणता? साहाय्यकाने डबिंगच्या खोलीतून एका गायिकेची हाक घेतली, तिला दूरवरचा घुमारा दिला. एलेन शेजारच्या वाड्यात राहत असावी असे वाटले. घुमारा कमी केला तर ती त्याच खोलीत आली. नुसता श्वास ठेवला तर तो कोणाचा, हे कळेना. अडचण आमच्या कौशल्याची नव्हती. आवाज कानावर पडला की कान लगेच ठरवतो: माणूस किती लांब, खोली केवढी, मध्ये भिंत आहे की मोकळे रान. मुर्नाऊ यांना हे कोणीच ठरवायला नको आहे. ती हाक नवऱ्याला आहे की पिशाच्चाला, ऑर्लोकने ती ऐकली की नुसती ओळखली, हे जोवर अनिश्चित आहे तोवरच तो प्रसंग अंगावर येतो. बोलपटात ते दिग्दर्शकाला, नाही तर माझ्यासारख्या कोणाला तरी, मिक्सिंगच्या टेबलावर ठरवून टाकावेच लागते.

“अगं, तिथे मी वाजवतच नाही,” काका शेवटी म्हणाले. “तिची हाक त्याला ऐकू गेली ना? मग आपण मध्ये कशाला?”

शंभर वर्षे हे मूक भयपट का टिकले याची कारणे सांगताना लोक वाकड्या भिंती, रंगवलेल्या सावल्या, चेहऱ्यावरची रंगभूषा यांबद्दल बोलतात, आणि ते खोटे नाही. १९२० च्या ‘डॉ. कालिगारी’तील नेपथ्य आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पण ध्वनीच्या माणसाला मूकपणा ही उणीव वाटत आलेली असते, आणि १९३० च्या सुमारास चित्रपटसृष्टीलाही तसेच वाटत होते. नट लॉन चेनी यांचा १९२५ चा ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ युनिव्हर्सलने १९३० मध्ये आवाज जोडून पुन्हा आणला, आणि त्यात चेनी यांचा स्वतःचा आवाज नव्हता. आज जो प्रसंग लोकांना आठवतो तो मूकच आहे: ऑर्गन वाजवत बसलेल्या माणसाच्या मागून क्रिस्टीन येते आणि मुखवटा ओढते. संगीतात बुडालेल्या माणसाचे संगीत आपल्याला ऐकू येत नाही, फक्त त्याचे तुटणे दिसते.

संध्याकाळपर्यंत आम्ही फोली, म्हणजे पावले, दारे, वस्तू यांचे मुद्दाम लावलेले आवाज, जवळजवळ पूर्ण काढून टाकली. वाहत्या जहाजावरच्या प्रसंगाला एक खालचा, स्थिर सूर ठेवला, कारण ऑर्लोक पेटीतून फळीसारखा ताठ उभा राहतो तेव्हा काकांना तो हवाच होता. मला तो अजूनही अनावश्यक वाटतो. शेवटच्या पहाटे पडद्यावर कोंबडा आरवतो, तिथेही व्हायोलिन आधीच थांबवले. हाकेच्या आधीपासून ऑर्लोक दाराबाहेर जाईपर्यंत ट्रॅक कोरा आहे.

चाचणीच्या दिवशी सभागृहातील ऑपरेटरचा फोन आला की मध्येच साउंड जातो आहे, फाइल पुन्हा पाठवा. मी त्याला वेळ विचारली, क्यू शीट, म्हणजे कोणता आवाज केव्हा येतो-जातो याची यादी, पाहिली, आणि फाइल बरोबर आहे, आवाजाच्या बटणाला तेवढा हात लावू नका, असे लेखी कळवले.