प्लाझ्माच्या काठावरचा काळा पट्टा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी माझ्या वाट्याला काचेची एक डिस्चार्ज ट्यूब आली होती. हातभर लांबीची, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या चकत्या, एका बाजूने आर्गॉन सोडण्यासाठी नीडल व्हॉल्व्ह आणि खाली रोटरी पंप, ज्याची घरघर संध्याकाळी खोलीवर परतल्यावरही कानात राहायची. दाब अर्ध्या मिलीबारच्या आसपास आणून चकत्यांना काहीशे व्होल्ट दिले की नळीत जांभळट गुलाबी उजेड पसरे. पण कॅथोडच्या, म्हणजे ऋण टोकाच्या, चकतीपर्यंत तो पोहोचतच नसे. चकती आणि उजेड यांच्यामध्ये बोटभर रुंदीचा एक काळा पट्टा राही. चकतीवर पंपाच्या तेलाचा थर बसला असावा असे समजून मी दोन दिवस घालवून सगळी जुळणी सोडवली, चकती पॉलिश पेपरने घासली, ॲसिटोनने पुसली, ओ-रिंगांना नवे ग्रीस लावले आणि पुन्हा निर्वात तयार केला. पट्टा जसाच्या तसा होता. दाब कमी केला की तो रुंदावे, वाढवला की आक्रसे. हा दोष नसून मोजण्याजोगी गोष्ट आहे हे तेव्हा ध्यानात आले. त्यानंतरची बरीच वर्षे आधी प्लाझ्माच्या, म्हणजे अशा विद्युतभारित वायूच्या, साहाय्याने सिलिकॉनचे पातळ थर बसवण्यात आणि पुढे त्याच सिलिकॉनवर खोदकाम करण्यात गेली, आणि या सगळ्या काळात मी खरे तर त्या पट्ट्याचाच अभ्यास करत आलो आहे.

आज त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अणुसंमीलनाविषयी, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याविषयी, मराठीत जे वाचायला मिळते त्यात प्लाझ्माच्या पंधरा कोटी अंशांच्या गाभ्याचे वर्णन असते, आणि चिपविषयी जे येते त्यात नॅनोमीटरचे आकडे असतात. दोन्ही ठिकाणी यशापयश ज्या पातळ थरात ठरते, त्याचे नाव मात्र क्वचितच निघते.

त्या थराला शीथ म्हणतात, म्हणजे म्यान. हा शब्द अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्युअर यांचा. विद्युतभारित वायूला १९२८ मध्ये ‘प्लाझ्मा’ हे नाव देणारेही तेच. आर्गॉनचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३,००० पट जड असतो. त्यामुळे प्लाझ्मा एखाद्या भिंतीशी आला की चपळ इलेक्ट्रॉन आधी भिंतीवर जाऊन बसतात, भिंत ऋणभारित होते आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना ती परत लोटू लागते. भिंतीलगत मग इलेक्ट्रॉनांची वानवा असलेला आणि आयनांनी भरलेला एक थर तयार होतो. वायूच्या अणूंना उद्दीपित करून प्रकाश देण्याचे काम इलेक्ट्रॉन करतात. तेच विरळ झाले की उजेडही संपतो. माझ्या नळीतला काळा पट्टा हा याच थराचा, बाहेरून व्होल्टेज दिल्यामुळे फुगलेला आणि म्हणून डोळ्यांना दिसणारा अवतार होता.

या थराची जाडी कळण्यासाठी जे माप वापरतात त्याला डिबाय लांबी म्हणतात. ती प्लाझ्माच्या तापमानावर आणि घनतेवर अवलंबून असते. चिपच्या कारखान्यातल्या एचिंगच्या, म्हणजे खोदकामाच्या, यंत्रात, जिथे एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १,००० कोटी इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची ऊर्जा तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते, ती एक दशांश मिलिमीटरहून किंचित जास्त भरते. टोकामॅकच्या, म्हणजे संमीलनासाठी प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात धरणाऱ्या यंत्राच्या, काठावर घनता हजारपट असते, तिथे ती दहा मायक्रॉनच्या आसपास येते. शीथ या मापाच्या काही पटींत पसरलेले असते. म्हणजे काही मीटर व्यासाच्या यंत्रातली कणांनी वाहून आणलेली उष्णता शेवटी केसाच्या जाडीएवढ्या थरातून भिंतीवर उतरते.

अर्धवाहकांचे भौतिकशास्त्र शिकलेल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटले असेल. पी-एन जंक्शनच्या, म्हणजे दोन प्रकारच्या अर्धवाहकांच्या सांध्याच्या, दोन्ही अंगांना मुक्त विद्युतभार नसलेला जो डिप्लीशनचा पट्टा असतो, तो याच जातीचा. तिथेही एका बाजूचे वाहक दुसऱ्या बाजूला पसरू पाहतात, मागे उघडा विद्युतभार राहतो, त्यातून विद्युतक्षेत्र उभे राहते आणि तेच क्षेत्र पुढचा प्रसार थोपवते. गणितही बव्हंशी तेच, पॉयसनचे समीकरण आणि बोल्ट्झमनचे वितरण. घन सेंटिमीटरमागे एकावर सोळा शून्ये इतके डोपिंग, म्हणजे मुद्दाम मिसळलेले परके अणू, असलेल्या सिलिकॉनमध्ये डिबाय लांबी साधारण ४० नॅनोमीटर निघते. फरक एवढाच, पण तो महत्त्वाचा, की सिलिकॉनमधले फॉस्फरसचे किंवा बोरॉनचे आयन स्फटिकाच्या जाळीत खिळ्यासारखे ठोकलेले असतात, तर प्लाझ्मातले आयन वाहते असतात. ते सतत भिंतीकडे जात असल्यामुळे शीथ टिकण्यासाठी त्यांना विशिष्ट किमान वेगाने आत शिरावे लागते. ही अट भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांनी मांडली.

बोम यांचे नाव मराठी वाचकांना बहुधा जे. कृष्णमूर्तींबरोबरच्या संवादांमुळे माहीत असते. त्यांचे आधीचे काम मला तितकेच मोलाचे वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्कली येथे युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या यंत्रांसाठी चुंबकीय क्षेत्रातल्या आर्क डिस्चार्जचा अभ्यास चालला होता. चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा धरून ठेवला तरी सिद्धान्ताने सांगितलेल्यापेक्षा तो कितीतरी वेगाने निसटतो, हे त्या कामातून पुढे आले आणि त्या गळतीचे बोम यांनी दिलेले सूत्र पुढची वीस वर्षे संमीलनाच्या संशोधकांच्या मानगुटीवर बसले. तेच बोम १९५० च्या सुमारास प्रिन्स्टनला डेव्हिड पाइन्स यांच्याबरोबर धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांकडे प्लाझ्मा म्हणून पाहू लागले आणि घनपदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनांचा सिद्धान्त त्यातून उभा राहिला. सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉनांचा झोत पाठवला की सुमारे १७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या तुकड्यांत तो ऊर्जा गमावतो, तो याच आंदोलनांपायी. तप्त वायू आणि थंड स्फटिक या दोन विषयांमधली भिंत विद्यापीठांच्या वेळापत्रकात आहे, निसर्गात ती फारशी दिसत नाही.

चिपच्या कामात शीथ हे आमचे मुख्य हत्यार आहे. सिलिकॉनची तबकडी, म्हणजे वेफर, ज्या बैठकीवर ठेवतात तिला १३.५६ मेगाहर्ट्झचा विद्युतदाब देतात. शीथमधले विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला काटकोनात असते, त्यामुळे आयन सरळ खाली येतात; बाजूच्या भिंतींना ते जवळजवळ स्पर्श करत नाहीत. रसायनात बुडवून खोदले तर खड्डा सगळ्या दिशांना पसरतो. प्लाझ्माने खोदले तर तो विहिरीसारखा उभा उतरतो. आयनांचा मारा आणि रासायनिक क्रिया एकत्र आल्या की काय होते, हे १९७९ मध्ये आयबीएमच्या कोबर्न आणि विंटर्स यांनी एका अत्यंत स्वच्छ प्रयोगात दाखवले. सिलिकॉनवर नुसता झेनॉन डायफ्लोराइड वायू सोडला तर खोदकाम अगदी संथ होते, नुसते आर्गॉनचे आयन मारले तरीही संथच; दोन्ही एकाच वेळी सोडले की वेग त्या दोहोंच्या बेरजेच्या कितीतरी पट होतो. तो आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ त्यावरून नजर हलेना. आज प्रत्येक मोबाइलमधल्या चिपची रेघन् रेघ त्या आलेखातल्या उंच टप्प्यावर उभी आहे.

टोकामॅकमध्ये हेच शीथ अडचणीचे ठरते. तिथे मुख्य उद्देश प्लाझ्मा भिंतीपासून दूर ठेवण्याचा असतो आणि त्यासाठी मेदूवड्याच्या आकाराच्या पात्रात चुंबकीय रेषांचे पिळदार जाळे विणलेले असते. बोम यांच्या सूत्रापेक्षा या रचनेत प्लाझ्मा खूप जास्त वेळ टिकतो, असे १९६८ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत संशोधकांनी टी-३ यंत्राच्या आधारे सांगितले, तेव्हा पश्चिमेकडच्या अनेकांना ते पटले नाही. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९६९ मध्ये, इंग्लंडमधल्या कलहॅम प्रयोगशाळेचा एक गट स्वतःचा लेझर घेऊन मॉस्कोला गेला आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या साहाय्याने तापमान मोजून आला. सुमारे एक कोटी अंशांचा दावा खरा निघाला. विज्ञानातला मतभेद कसा मिटवावा याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

तरीही भिंतीशी गाठ टळत नाही. संमीलनातून निघणारा हेलियम बाहेर काढावाच लागतो, आणि गाभ्यात जेवढी उष्णता भरावी तेवढी काठावरून बाहेर येतेच. जर्मनीत म्युनिकजवळ गार्चिंग येथील ॲस्डेक्स टोकामॅकमध्ये १९८२ मध्ये फ्रिट्झ वॅग्नर यांना असे दिसले की तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे नेली की प्लाझ्माच्या काठावर आपोआप एक अडसर उभा राहतो आणि उष्णता धरून ठेवण्याचा काळ जवळजवळ दुप्पट होतो. या अवस्थेला एच-मोड म्हणतात. सगळ्या गाभ्याचे भवितव्य काठावरच्या काही सेंटिमीटरांनी बदलले. काठाच्या बाहेर निसटलेला प्लाझ्मा चुंबकीय रेषांवरून घसरत पात्राच्या तळाशी डायव्हर्टर नावाच्या भागावर येतो. फ्रान्समध्ये कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅक प्रकल्पात, ज्यात भारतही भागीदार आहे, तिथल्या टंगस्टनच्या फरशांना प्रत्येक चौरस मीटरमागे दहा मेगावॉट उष्णता सतत सोसावी लागेल.

टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून त्याची निवड झाली हे खरे. पण त्याच्या जोडीला दुसरे कारण आहे. आधीच्या यंत्रांत कार्बनच्या फरशा असत. कार्बन हायड्रोजनला धरून ठेवतो, आणि इंधनातला ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच किरणोत्सारी प्रकार, भिंतीत अडकून राहणे परवडणारे नाही. म्हणून इंग्लंडमधल्या जेट नावाच्या टोकामॅकची भिंत २०११ पर्यंत बदलून बेरिलियम आणि टंगस्टनची केली गेली. टंगस्टनची अडचण अशी, की त्याचे अणू गाभ्यात शिरले तर त्यांच्यावरचे सगळे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, उरलेल्या इलेक्ट्रॉनांतून क्ष-किरणांच्या रूपाने ते प्लाझ्माची ऊर्जा उधळतात, आणि लाखात काही अणू एवढ्या प्रमाणानेही गाभा थंड पडू शकतो. आता हे अणू सुटतात कसे ते पाहू. शीथमधून पडताना आयनाला इलेक्ट्रॉनांच्या तापमानाच्या (प्लाझ्मात तेही इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्येच मोजतात) सुमारे तिप्पट ऊर्जा मिळते, आणि ती त्याच्यावरच्या विद्युतभाराच्या पटीत वाढते. ड्युटेरियमच्या, म्हणजे इंधनातल्या हायड्रोजनच्या दुसऱ्या प्रकाराच्या, हलक्या आयनाने टंगस्टनचा अणू उडवायचा तर २०० इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त ऊर्जा लागते, कारण तो मारा लोखंडी गोळ्यावर पिंगपाँगचा चेंडू आपटण्यासारखा असतो. तीन-चार विद्युतभार घेऊन आलेला निऑनचा जड आयन मात्र हे काम सहज करतो. म्हणून डायव्हर्टरपाशी थोडा नायट्रोजन, निऑन किंवा आर्गॉन सोडून, त्याच्या प्रकाशातून ऊर्जा विखरू देऊन, तिथले तापमान पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली ठेवण्याची धडपड चालते. म्हणजे गाभा सूर्याच्या केंद्राहून दहापट तापलेला आणि काठ माझ्या एचिंगच्या यंत्राइतका थंड. आम्ही ज्या आयनांना शीथमधून जोराने खाली खेचतो, त्याच आयनांचा जोर तिथे कमी करायचा असतो. समीकरण बदलत नाही, हेतू उलटा होतो.

होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून वीस वर्षांत नियंत्रित संमीलन साधेल असे भाकीत केले होते. ते चुकले, आणि त्याचे एक मोठे कारण मला हेच वाटते की तेव्हा सगळ्यांचे लक्ष गाभ्यावर होते. आपल्याकडे गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये आदित्य टोकामॅक सुरू झाले. वर्तुळाची त्रिज्या ७५ सेंटिमीटर, प्लाझ्माच्या छेदाची २५; जागतिक मापाने लहानच, पण लहान यंत्रात काठाचा वाटा मोठा असतो आणि काठावरच्या खळबळीचा अभ्यास तिथे आवर्जून झाला. त्याच संस्थेने उद्योगांसाठी प्लाझ्मा तंत्रज्ञानाचे वेगळे केंद्रही चालवले. त्याच गुजरातेत, धोलेरा येथे, मार्च २०२४ मध्ये चिप कारखान्याची पायाभरणी झाली. अशा कारखान्यात वेफर पुन्हा पुन्हा प्लाझ्माच्या कक्षांत जाऊन येते. असे असताना आपल्या अनेक अभ्यासक्रमांत अर्धवाहक हा एक पेपर, प्लाझ्मा हा दुसरा, तोही ऐच्छिक, आणि शीथ हा त्यातला परीक्षेला न येणारा भाग, ही स्थिती मला मनापासून खुपते. मुलाखतींना येणारी हुशार मुले ट्रान्झिस्टरचा आलेख न अडखळता काढतात. त्या ट्रान्झिस्टरची खोबण कशाने खोदली गेली असे विचारले की थांबतात. दोष त्यांचा नाही.

इटरने आता बेरिलियमची आतली भिंतही सोडून देऊन सगळीकडे टंगस्टन वापरायचे ठरवले आहे, आणि त्याबरोबर भिंतीवर बोरॉनचा थर देण्याची व्यवस्था नव्या आराखड्यात आली आहे. ही युक्ती जर्मनीतल्या यूलिश येथील टेक्स्टर यंत्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. हेलियमचा मंद डिस्चार्ज पेटवून त्यात डायबोरेन हा बोरॉन आणि हायड्रोजनचा वायू सोडला की भिंतीवर नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका पातळ बोरॉन बसतो आणि तो ऑक्सिजनला पकडून ठेवतो. डायबोरेन मला चांगला परिचयाचा आहे. सिलेनमध्ये, म्हणजे सिलिकॉन आणि हायड्रोजनच्या वायूत, त्याचा अंश मिसळूनच आम्ही पी-प्रकारचा सिलिकॉन थर बसवत असू. तो अत्यंत विषारी असल्यामुळे सिलिंडर वेगळ्या कपाटात, आणि कपाटावर सतत जागा असलेला गॅस डिटेक्टर. आमचा थर एकदा बसला की कायमचा. टोकामॅकमधला बोरॉन मात्र प्लाझ्माच्या माऱ्याने झिजतो, दुसरीकडे जाऊन साचतो आणि पुन्हा द्यावा लागतो. इटरमध्ये तो किती दिवसांनी द्यावा लागेल आणि साचलेल्या थरात किती ट्रिटियम अडकेल, याचे हिशेब सध्या मांडले जात आहेत.